घट चांदीची आणि घट माणसाची

लक्ष्मी रस्त्यावरच्या पेढ्यांत जी चांदी झगमगते, तिची शुभ्रता रविवार पेठेतल्या माळ्यांवरील कोंदट खोल्यांत जन्माला येते. तेथे मराठी सोनारांबरोबर बंगालमधून आलेले अनेक कारागीर राबतात. चांदीचे कौतुक करणाऱ्या शहराला त्यांच्या श्वासाची मात्र फिकीर नाही.

९२५ कसाच्या चांदीत हजार भागांत ७५ भाग बहुधा तांबे असते. डाख देताना दागिना तापला की हे तांबे काळवंडते आणि टाकणखाराची काच पृष्ठभागाला चिकटून बसते. दोन्ही काढण्यासाठी दागिना कोमट, पातळ गंधकाम्लात बुडवतात. बाहेर येतो तो पांढरा, पण निस्तेज. मग तो पाण्यात धुवावा, सोड्याच्या पाण्यात आम्ल मारावे, पोकळ मणी असल्यास त्याच पाण्यात उकळावा, नाहीतर आत दडलेले आम्ल पुढे झिरपून डाग पाडते. त्यानंतर रिठ्याचे पाणी व पितळी तारांचा ब्रश, आणि शेवटी ओपणीची घासाई. तेव्हा कुठे झळाळी येते.

या कामाची मजुरी सामान्यतः नगावर किंवा वजनावर ठरते, तासावर नव्हे. धुण्यात आणि आम्ल मारण्यात गेलेला वेळ कारागिराच्या खिशातून जातो. म्हणून तो घाई करतो, आम्ल तीव्र ठेवतो, खिडकीजवळ जाण्याऐवजी दिव्याजवळच बसतो. लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यानेही दागिना साफ होतो, फक्त वेळ अधिक लागतो. सुरक्षित मार्ग ठाऊक आहे. त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नाही. अशा माणसाला ‘काळजी घे’ असा उपदेश करणे हा शुद्ध दांभिकपणा होय.

व्यापारी म्हणतात, कारागीर स्वतंत्र धंदेवाईक आहे. मग त्याला चांदी तोलून कोण देतो? परत तोलून कोण घेतो? घट किती धरायची, नमुना कोणता, मुदत कोणती, हे कोण ठरवतो? धातू ज्याचा आणि हुकूम ज्याचा, तोच मालक. खोलीतली धूळसुद्धा वाया जात नाही. झारेकरी ती धुऊन चांदीचे कण वेचतो. कणाकणाचा हिशेब ठेवणाऱ्या या धंद्यात फुप्फुसांची झीज मात्र कोणत्याच वहीत चढत नाही.

शासनाची वही तरी वेगळी आहे काय? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. आम्ल विकत घेणाऱ्याचे नाव नोंदले जाऊ लागले, ते हुंगणाऱ्याचे नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यावर, ऐच्छिक का होईना, ओळखक्रमांकाचा छाप आला. घडवणारा अनोळखीच राहिला. गंधकाम्लयुक्त आम्लतुषारांचा सततचा संसर्ग कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच ठरवले आहे. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या कामगार संहितेत यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना २० कामगारांपासून सुरू होतो. चार-पाच माणसांची खोली या मोजणीत बसतच नाही. धोकादायक कामांपुरती संख्येची अट दूर करण्याची सोय त्याच संहितेत आहे. तशी अधिसूचना या कामासाठी निघाली पाहिजे.

पुण्याला हा मार्ग अनोळखी नाही. हमाल ‘कोणाचाच नोकर नाही’ असे म्हणणाऱ्यांना १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले: माल ज्याचा, वर्गणी त्याची. कचरा वेचणाऱ्यांनीही १९९३ पासून याच शहरात संघटना उभारून ओळखपत्र मिळवले. चांदीच्या घडणावळीवर व्यापाऱ्याकडून ठरावीक वर्गणी घ्यावी आणि त्यातून आम्लकामासाठी हवेशीर सामायिक जागा, आरोग्यतपासणी व भविष्यनिर्वाहाची तरतूद करावी. मजुरीच्या दरात धुण्याचा व आम्ल मारण्याचा वेळ धरला जावा.

हे आपोआप होणार नाही. कार्यकर्त्यांनी सभागृहे सोडून हे माळे चढले पाहिजेत, आणि कारागिराशी त्याच्या भाषेत बोलले पाहिजे. चांदीची घट तराजू दाखवतो. माणसाची घट दाखवणारा तराजू संघटनेलाच घडवावा लागेल.