सातबारा कुणाच्या नावावर?

मे महिन्यात मुंबईची मंडळी जयगडला उतरली की प्रत्येक घरात एक प्रश्न ठरलेला असतो. "काय रे बाबा, सध्या कामाला कुठं?" कुणी महापालिकेत, कुणी रेल्वेत, कुणी बँकेत शिपाई, कुणी कुरिअरवाला. उत्तर मिळाले की वडीलधाऱ्यांचे समाधान होते. आमच्या नात्यातल्या एका मुलाचे उत्तर मात्र गेल्या बारा वर्षांत कुणाला समजलेले नाही. तो नवी मुंबईत महापे येथे एका वेब होस्टिंग कंपनीत आहे. रात्रपाळीला तक्रारी घेणारा पोरगा म्हणून लागला, आज तिथे मॅनेजर आहे. त्याची आई शेजारणीला सांगते, "काँप्युटरच्या गोदामात हाय."

हसू नका. त्या माउलीने जे सांगितले ते पुस्तकी व्याख्येपेक्षा सोपे आणि बरोबर आहे.

आपण मोबाईलवर एखादी वेबसाईट उघडतो तेव्हा तो मजकूर, ते फोटो कुठल्या तरी काँप्युटरवर ठेवलेले असतात. त्या काँप्युटरला सर्व्हर म्हणतात. तो दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. प्रत्येकाला असा काँप्युटर घरी ठेवणे परवडत नाही, म्हणून कंपन्या त्यावरची जागा भाड्याने देतात. हेच होस्टिंग. आणि वेबसाईटचे जे नाव आपण टाईप करतो ते डोमेन. चाळीतली खोली म्हणजे होस्टिंग आणि दारावरची पाटी म्हणजे डोमेन. दोन्हींचे भाडे वेगळे, दोन्हींची मुदत वेगळी. हे दुसरे वाक्य मला उशिरा समजले आणि त्याची किंमत आमच्या मंडळाने मोजली. ते पुढे सांगतो.

यंदा हा मुलगा आठ दिवस राहिला. संध्याकाळी जेटीवर जाऊन बसायचो. पलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट, अलीकडे औष्णिक वीज प्रकल्पाची चिमणी. सुट्टीवर असूनही तो दर अर्ध्या तासाने मोबाईल काढून बघायचा. मी म्हटले, "काय रे, कुणाचा फोन यायचाय?" तो म्हणाला, "काका, फोन येऊ नये म्हणून बघतोय."

मग त्याने आपला दिवस सांगितला. सकाळी डोळे उघडले की आधी पडद्यावरचे हिरवे ठिपके बघायचे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक सर्व्हर. एखादा लाल दिसला की चहा राहिला बाजूला. ऑफिसात गेले की रात्रीची 'तिकिटे'. तिकीट म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार. (त्याच्या आईला बरेच दिवस वाटे की पोरगा एसटीत कंडक्टर आहे आणि लाजेने सांगत नाही.) तक्रारी चार जातीच्या. पासवर्ड विसरलो. बिल भरले नाही म्हणून साईट बंद झाली. कुणीतरी साईटमध्ये घुसून घाण टाकली. आणि साईट फार हळू चालते.

ही चौथी तक्रार आपल्या ओळखीची आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता सगळा महाराष्ट्र एकदमच बटण दाबतो आणि चक्र गरगरत राहते. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो साईट असतात. चाळीच्या एका नळावर सगळी बिऱ्हाडे असावीत तसे. एकाने मोटर लावली की बाकीच्यांच्या हंड्यात थेंब पडत नाही. शिव्या मात्र नळवाल्याला.

त्यात विजेचा प्रश्न. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आकडा दिसला की हिशेब मांडतो. समजा एक सर्व्हर ३०० वॅटचा आहे. चोवीस तासांत ७.२ युनिट, महिन्याला २१६ युनिट. आपल्यातली किती घरे महिन्याचे बिल १०० युनिटच्या आत ठेवायला धडपडतात! असे शेकडो सर्व्हर एका दालनात. त्यांच्या उष्णतेसाठी थंड हवेची यंत्रे वेगळी. वीज गेली तर त्या क्षणी बॅटऱ्या, मागून डिझेलचा जनरेटर. लोक म्हणतात, फोटो 'क्लाऊड'वर ठेवलेत. तो ढग महापे, रबाळे, ऐरोलीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या इमारतींतच आहे. एके काळी या पट्ट्यात रसायनांचे कारखाने भरलेले होते. आपल्यासमोर जयगडला ३००-३०० मेगावॅटचे चार संच कोळसा जाळतात. त्यातून निघणारी वीज तारांच्या जाळ्यातून पुढे जाते, आणि अशाच कुठल्या ना कुठल्या केंद्राच्या विजेवर हा ढग तरंगतो.

कंपन्या जाहिरात करतात, "९९.९ टक्के वेळ साईट चालू राहील." ऐकायला हे शंभरच वाटते. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा एक दशांश टक्का म्हणजे पावणेनऊ तास. इतका वेळ बंद पडली तरी कंपनीने शब्द पाळलाच. ९९.९९ म्हटले तर साधारण ५२ मिनिटे. शेवटच्या एका नऊसाठी किती माणसांच्या रात्री जातात, हे जाहिरातीत लिहीत नाहीत. शिवाय एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशाप्रमाणे सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेला कळवावी लागते. म्हणजे पहाटे तीनला लक्षात आले तर सकाळी नऊच्या आत कागद तयार हवा.

मी विचारले, "या सगळ्यात तुला त्रास कशाचा होतो?" मला वाटले, तो जागरण म्हणेल. तो म्हणाला, "महिनाअखेरीच्या यादीचा."

ज्यांनी भाडे भरले नाही त्यांची ती यादी. आधी आठवणीची पत्रे जातात, मग साईट बंद होते, ठरलेले दिवस उलटले की सगळे पुसले जाते. जागा दुसऱ्याला द्यायची असते, कंपनी धर्मशाळा नाही. त्या यादीवर मंजुरी याची. "काका, त्यात मोठी कंपनी कधीच नसते. शिवणक्लास असतो, वाचनालय असते, एखाद्या गावचे मंडळ असते. मी नावे वाचतो. काहींना स्वतः फोन करतो, ते माझे काम नाही तरी. पलीकडून काय ऐकू येते माहीत आहे? 'फ्रॉड कॉल करतोस काय रे?' आणि फोन बंद." रोज फसवणुकीचे फोन येतात, लोकांचे तरी काय चुकले? पण त्या एका फोनपाठोपाठ दहा वर्षांचे फोटो जातात.

मी गप्प झालो. कारण त्याने ते बोट माझ्याकडे दाखवून म्हटले नव्हते, तरी ते माझ्याकडेच होते.

आमच्या मंडळाची वेबसाईट होती. एका हुशार मुलाने उत्साहाने करून दिली होती. गावातल्या आणि मुंबईतल्या घराघरांतून जुने फोटो गोळा केले. गिरणीत कामाला असलेले आजोबा, पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, १९७० च्या दशकातल्या वर्गणीच्या वह्या, सगळे स्कॅन करून वर चढवले. पत्रिकेवर साईटचा पत्ता छापू लागलो तेव्हा छाती फुगली होती. पुढे तो मुलगा नोकरीसाठी आखातात गेला. डोमेन त्याच्या नावावर, आठवणीची पत्रे त्याच्या जुन्या ई-मेलवर. होस्टिंगची दोन पत्रे मात्र मंडळाच्या ई-मेलवर आली होती. तो ई-मेल उघडणे माझे काम होते. ऑफिसात आवक-जावक नोंदवहीत एक टाचणी चुकू न देणारा मी कारकून, पासवर्डची चिठ्ठी हरवली म्हणून चार महिने ती टपालपेटी उघडली नाही. २०२२ च्या पावसाळ्यात साईट गेली. '.कॉम' नावाची मुदत संपल्यावर बहुतेक कंपन्या मालकाला काही आठवडे संधी देतात. त्यानंतर जादा पैसे भरून सोडवून घ्यायला आणखी ३० दिवस मिळतात, मग ५ दिवसांत नाव मोकळे होते. आम्ही जागे झालो तोवर सगळे दिवस उलटले होते. ते नाव कुणीतरी घेतले. पुढच्या वर्षी एका आजींच्या नातीने जुन्या पत्रिकेवरचा पत्ता टाकला, तर तिथे रमीच्या जुगाराची जाहिरात! आजोबांचा फोटो दाखवायला बसली होती ती.

मूळ फोटो आम्ही ज्याचे त्याला परत केले होते. कोकणातला पाऊस. निम्म्यांना बुरशी लागली.

कुणी म्हणेल, आपण अडाणी म्हणून असे झाले. तसे नाही. फ्रान्समध्ये ओव्हीएच नावाची फार मोठी होस्टिंग कंपनी आहे. पोलंडहून आलेल्या कुटुंबातल्या ऑक्टाव्ह क्लाबा या तरुणाने ती १९९९ मध्ये रुबे या जुन्या कापडगिरण्यांच्या गावी काढली. १० मार्च २०२१ च्या रात्री स्ट्रासबुर्गमधल्या त्यांच्या केंद्राला आग लागली आणि एक पाच मजली इमारत जळून गेली. लाखो साईट बंद पडल्या. क्लाबांना जगासमोर आगीची बातमी सांगून गिऱ्हाइकांना म्हणावे लागले की, आपापली आपत्कालीन व्यवस्था सुरू करा. काही गिऱ्हाइकांनी तर जादा पैसे भरून दुसरी प्रत ठेवायला सांगितली होती. पण ती प्रतही त्याच इमारतीत होती! प्रकरण कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये भरपाईचा हुकूम झाला. पैसे मिळतील, मजकूर कुठून मिळणार?

आणि हा धंदा फक्त परदेशातल्यांचा, असेही समजू नका. मुंबईत भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये वडिलांकडून २५ हजार रुपये उसने घेऊन 'डिरेक्टी' सुरू केली. तेव्हा एक अठराचा, दुसरा सोळाचा. डोमेन आणि होस्टिंगचा तो व्यवसाय २०१४ मध्ये एका अमेरिकन कंपनीने विकत घेतला. नाशिकला पियूष सोमाणी यांनी २००५ मध्ये 'ईएसडीएस' काढली, तिचे केंद्र सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. २५ हजार उसने देऊ शकणारा बाप आपल्यातल्या किती पोरांना असतो, हा प्रश्न मनात येतो आणि यायलाच हवा. पण नोकरीचे दार तितके जड नाही. आमचा मुलगा रत्नागिरीचा साधा बीएस्सी. लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते, ती तो जुन्या काँप्युटरवर शिकला. इंग्रजीत चार ओळींचे नीट उत्तर लिहायला शिकला आणि चिडलेल्या माणसाशी न चिडता बोलायला शिकला. हे तिसरे, तो म्हणतो, सगळ्यात कठीण. ज्यांची मुले पदवी घेऊन घरी बसली आहेत त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधले तेव्हा आपल्या ग्रंथांना हक्काची जागा हवी, हा विचार त्यामागे होता. ग्रंथ भाड्याच्या खोलीत किती दिवस सुरक्षित राहणार? आज आपले कागद, फोटो, हिशेब मोबाईलमध्ये आणि वेबसाईटवर गेले. जागा भाड्याचीच राहणार, त्याला इलाज नाही. पण भाडेपावती तरी आपल्या नावावर हवी. जमीन कसली एकाने आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हे कोकणात आपण पिढ्यान् पिढ्या भोगले आहे.

तेव्हा मंडळे, पतपेढ्या, महिला गट, सर्वांना विनंती. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ई-मेलवर नोंदवा, करून देणाऱ्या पोराच्या नव्हे. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे, बंद पाकिटात, दप्तरात. पदाधिकारी बदलले की कीर्द-खतावणीबरोबर तोही लेखी सोपवा. मुदतीची तारीख ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. डोमेन दहा वर्षांपर्यंतचे एकदम घेता येते. वर्गणी चांगली जमली त्या वर्षी ते करून टाका. सगळ्या मजकुराची एक प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि कुणाचा फोन आलाच, तर त्याला पैसे देऊ नका, पासवर्ड सांगू नका, पण शिवीही देऊ नका. फोन ठेवून स्वतः साईटवर जाऊन तारीख बघा.

आमच्या मंडळाने नवे नाव घेतले आहे. ज्यांच्या घरी फोटो शिल्लक आहेत त्यांच्याकडे पुन्हा दारोदार जातो आहोत. १२७ मिळाले. पहिली मॅट्रिक झालेल्या त्या मुलीचा अजून नाही. तिच्या सुनेने माळा शोधते म्हणून सांगितले आहे.

मुलगा परत निघाला तेव्हा आईने विचारले, "मग पुढच्या मे महिन्यात रजा मिळंल ना रं?" तो म्हणाला, "ठिपके हिरवे राहिले तर."

जयभीम.