शून्य कुठले?

पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा येतो, तेव्हा हे साडेचार मीटर कशापासून मोजले, हे सहसा लिहिलेले नसते. भरती-ओहोटीच्या तक्त्यांतले आकडे सागरी नकाशांच्या संदर्भपातळीपासून, म्हणजे ढोबळमानाने अगदी खालच्या ओहोटीपासून मोजतात. सरासरी समुद्रपातळी तिच्या सुमारे अडीच मीटर वर असते. नाले आणि त्यांची पाणी सोडणारी पातमुखे यांचे तलांक, म्हणजे ठरलेल्या शून्यापासूनची उंची, टाऊन हॉलशी जोडलेल्या संदर्भपातळीवर लिहिण्याची शहराच्या अभियांत्रिकीत जुनी प्रथा आहे आणि त्या पातळीचे शून्य समुद्रपातळीच्या वीसहून अधिक मीटर खाली आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवरील उंची सरासरी समुद्रपातळीपासूनची असते. जीपीएस मुळात जी उंची देते ती पृथ्वीच्या कल्पिलेल्या गणिती पृष्ठभागापासूनची, आणि मुंबईच्या परिसरात ती समुद्रपातळीवरील उंचीपेक्षा साठाहून अधिक मीटरने कमी भरते. चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

यांतली साठ मीटरची गल्लत फारशी धोक्याची नाही, कारण रस्ता समुद्राखाली दिसू लागला की कोणीही थांबून विचारतो. पटण्याजोग्या चुका मात्र निसटतात. एव्हरेस्ट या जुन्या संदर्भप्रणालीतील नकाशाचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे आजच्या जागतिक प्रणालीत वापरले, तर मुंबईजवळ ठिकाण शंभर मीटरच्या आसपास सरकते. ते समुद्रात पडत नाही, शेजारच्या वस्तीत पडते. संगणक त्यावर हरकत घेत नाही, कारण त्याच्यापुरते ते वैध आकडेच असतात.

ही संदिग्धता मिटवण्याचे तंत्र जुने आहे. मेटाडेटाचे, म्हणजे माहितीविषयीच्या माहितीचे, आयएसओ 19115 हे मानक 2003चे. माहिती कोणी, केव्हा, कोणत्या पद्धतीने गोळा केली, संदर्भप्रणाली कोणती, अचूकता किती, मूळ स्रोतावर पुढे कोणते संस्कार झाले, हे ठरावीक रकान्यांत आणि यंत्राला वाचता येईल अशा रूपात नोंदवायचे, एवढेच हा मेटाडेटा मागतो. त्याआधी, 1994 साली, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने संघीय खात्यांना नऊ महिन्यांनंतर तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या भूस्थानिक माहितीची अशी नोंद करणे बंधनकारक झाले होते. भारतात राष्ट्रीय भूस्थानिक माहिती संरचनेची अधिकृत चौकट 2006 पासून आहे.

तरीही रकाने रिकामे राहतात, याला केवळ आळस म्हणणे निदान म्हणून अपुरे आहे. नोंद करण्याचा खर्च माहिती तयार करणाऱ्याला आज सोसावा लागतो. तिचा उपयोग मात्र दहा वर्षांनी, दुसऱ्या खात्यातल्या अनोळखी माणसाला होणार असतो. निविदेत नकाशा मोजून घेतला जातो, बिल नकाशाचे निघते, आणि संदर्भप्रणाली कोणती हे ज्याला तोंडपाठ असते त्याला ते लिहून ठेवण्याची गरज वाटत नाही. त्याची बदली झाली की तेवढे ज्ञान कार्यालयातून जाते. सक्ती केली तर आणखी एक विकृती संभवते: जुन्या नोंदीतला मजकूर नव्या संचाला चिकटवून रकाने भरले जातात. माझ्या मते ही स्थिती रिकाम्या रकान्याहून वाईट, कारण रिकामा रकाना निदान शंका जागी ठेवतो.

आता प्रमाण बदलते आहे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी 2021च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय खासगी कंपन्यांना नकाशांकनाची मोकळीक दिली, म्हणजे निर्माते वाढले. डिसेंबर 2022च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने 2030 पर्यंत सपाट प्रदेशासाठी 25 सेंटिमीटर अचूकतेचे उंचीचे प्रारूप हे उद्दिष्ट ठेवले. संदर्भपातळीच्या घोळात अडीच मीटर हरवू शकत असतील, तर त्या 25 सेंटिमीटरांवर झालेला खर्च कागदोपत्रीच अचूक ठरेल. शिवाय अशा माहितीचे थर आता माणसाने डोळ्यांखालून घालण्याआधीच आपोआप एकमेकांवर चढवले जातात, आणि त्यातून निघालेली पूररेषा बांधकाम परवानगीपर्यंत पोहोचते तोवर मूळ गृहीतके कोणाच्याच समोर नसतात.

जमिनीची मोजणी पैसे खर्चून पुन्हा करता येते. घटनांची येत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्याच्या खुणा भिंतींवरून केव्हाच पुसल्या गेल्या. त्यांचे तलांक एखाद्या फायलीत असतील, तर ते कोणत्या शून्यापासूनचे, हे आता ती फाइलच सांगू शकते.