विश्लेषण : ‘लेडीज सीट’ तिकडे आहेत, म्हणून इकडे बसायचे नाही?

संध्याकाळी सहाच्या सुमाराला स्वारगेटहून हडपसरकडे किंवा कात्रजकडे निघालेल्या बसमध्ये हा संवाद रोज कुठे ना कुठे होतो. डावीकडच्या जागा भरलेल्या असतात. उजवीकडची एक जागा रिकामी होते, शेजारी उभी असलेली बाई तिथे बसते. मागून आवाज येतो, ‘ताई, लेडीज सीट तिकडे आहेत. आमच्या जागांवर पण तुम्हीच बसणार, मग आम्ही जायचं कुठं?’ दोघे-तिघे हसतात. बाई खिडकीबाहेर बघत राहते, नाही तर सरळ उठून उभी राहते. कंडक्टर तिकिटाचे यंत्र सांभाळत पुढे सरकलेला असतो.

यातली ‘आमच्या जागा’ ही समजूतच चुकीची आहे. पीएमपीच्या बसमध्ये डावीकडची आसने महिलांसाठी राखीव असतात, हे खरे. बेस्टमध्येही ठरावीक आसनांवर तशी पाटी असते. पण म्हणून उरलेली आसने पुरुषांसाठी राखीव होत नाहीत. ती सर्वांसाठी खुली आहेत. आधी आला तो बसला, एवढाच तिथला नियम. त्या जागेवर बसलेल्या बाईने कुणाचे काही घेतलेले नसते.

राखीव म्हणजे किती?

राखीव जागा म्हणजे किमान हमी. गर्दी कितीही असो, एवढ्या जागा तरी महिलांना मिळाव्यात, असा तिचा अर्थ. ‘यापेक्षा जास्त मिळू नयेत’ असा अर्थ कुठल्याही पाटीवर लिहिलेला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई आहे आणि त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात महिला आणि मुलांसाठी विशेष तरतूद करण्याची राज्याला मुभा आहे. बसमधली राखीव जागा त्या विशेष तरतुदीच्या जातीची. तिच्यामुळे मूळचा समान हक्क आटत नाही.

पुरुषांसाठी जागा राखून ठेवायच्याच असतील तर सरकार तसे लेखी सांगते. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. तेव्हा निम्म्या जागा पुरुषांसाठी ठेवाव्यात, असे आदेशातच म्हटले होते. बेंगळुरूच्या शहर बस मात्र त्यातून वगळल्या होत्या. तो निर्णय बरा की वाईट, यावर वाद घालता येईल. पण तिथे निदान निर्णय झाला. पुण्यातल्या उजव्या बाजूबद्दल असा कोणताही आदेश नसताना ती ‘जेंट्स’ची होऊन बसली आहे.

ही वाटणी डोक्यात बसण्यामागे मुंबईच्या लोकलचाही हात असावा. तिथे महिलांचा डबा वेगळा, त्यामुळे बाकीचे डबे ‘जेंट्स डबे’ म्हणूनच ओळखले जातात. प्रत्यक्षात ते सर्वसाधारण डबे आहेत. तरीही त्यात चढणाऱ्या बाईला ‘तुमचा डबा आहे ना पुढे?’ हे ऐकावे लागते. सोय म्हणून दिलेली गोष्ट हळूहळू हद्द ठरते, ती अशी.

उठवायचे कुणी?

राखीव आसनावर पुरुष बसलेला असला तर त्याला उठवण्याचे काम सध्या उभ्या असलेल्या बाईवर येऊन पडले आहे. ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव. तिने विचारायचे, त्याने ऐकू न आल्यासारखे करायचे, तिने पुन्हा विचारायचे, मग त्याने ‘पुढच्या स्टॉपला उतरायचंय’ म्हणायचे. दिवसभर उभे राहून काम करून आलेल्या बाईला पाच मिनिटांच्या बसण्यासाठी पन्नास लोकांसमोर हुज्जत घालावी लागणार असेल, तर ती बहुतेकदा गप्प राहणेच पसंत करते. मग ‘कुणी मागितलीच नाही जागा’ असे म्हणायला बसलेला मोकळा.

रेल्वेत निदान कायद्याचे बळ आहे. महिलांसाठी राखीव डब्यात जाणूनबुजून शिरणाऱ्या पुरुषाला रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६२ नुसार पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्याचे तिकीट जप्त होऊ शकते आणि रेल्वे कर्मचारी त्याला डब्यातून उतरवू शकतात. बसमध्ये हे सगळे एका माणसाच्या आवाजावर चालते. ‘अहो दादा, लेडीज सीट आहे, उठा,’ असे कंडक्टर एकदा म्हणाला की दहातले नऊ जण निमूट उठतात. त्याचा गणवेश तिथे काम करतो. तो बोलला तर भांडण त्या बाईचे राहत नाही, नियमाचे होते.

आणि नेमका हाच माणूस बसमधून कमी होत चालला आहे. मुंबईत भाडेतत्त्वावरच्या काही बस वाहकाविना धावल्या. तिकीट स्टॉपवर किंवा मोबाइलवर. तिकिटासाठी कंडक्टर लागत नसेलही, पण तो तिकिटाबरोबर बसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचा, कोण कुठे बसलाय ते बघायचा, कुणी मुद्दाम रेललेला दिसला तर ‘पुढे सरका’ म्हणायचा. हे काम ॲपने उचललेले नाही. दिल्लीत महिलांच्या सुरक्षिततेसाठी बसमध्ये मार्शल नेमले होते. २०२३ च्या अखेरीस तेही काढले गेले. नव्या बसमध्ये आपत्कालीन बटण असते, पण कुणी राखीव जागेवर बसलाय म्हणून ते बटण कोण दाबणार?

(नियम पाटीवर आणि माणसे भलतीकडे, याचा सर्वांत जुना नमुना एसटीत आहे. आमदारांसाठी राखीव असलेल्या जागेवर आमदार बसलेले किती प्रवाशांनी पाहिले असतील, हा संशोधनाचा विषय ठरावा.)

उभ्या बाईचे काय?

जागांच्या भांडणात एक गोष्ट मागे पडते. गर्दीच्या वेळी बसमधल्या बऱ्याच बायका बसलेल्या नसतात, उभ्या असतात. आणि त्रास होतो तो मुख्यतः उभे असतानाच. राखीव जागेची पाटी त्यांच्यासाठी काहीही करत नाही. वरचा दांडा उंच, हात पुरत नाही. खाली लटकणारी कडी तुटलेली. मग आसनाच्या पाठीला धरून, एका खांद्यावर पर्स आणि एका हातात डबा-भाजीची पिशवी अशी कसरत. ब्रेक लागला की अंगावर कोण येते, आणि ब्रेक न लागताही कोण येते, यातला फरक बाईला बरोबर कळतो.

बसलेलीही पूर्ण सुटत नाही. बाहेरच्या बाजूला बसलेल्या बाईच्या खांद्याशी उभा असलेला माणूस अर्धा तास तिथेच टेकून राहतो. म्हणून मैत्रिणीला खिडकीशी बसवणे, मांडीवरची पिशवी खांद्याच्या बाजूला धरणे, कोपर थोडे बाहेर काढून ठेवणे, हे बायका कुणी न शिकवता शिकतात. मुद्दाम केलेला नकोसा स्पर्श हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण पुढच्या स्टॉपला गर्दीत उतरून गेलेल्या माणसावर तक्रार नोंदवणे किती जणींना जमते?

‘गर्दीत धक्का लागणारच, लगेच संशय घेतात,’ ही पुरुषांची तक्रार सरसकट खोटी म्हणता येणार नाही. पण ज्याला खरेच गैरसमज नको आहे त्याला करण्यासारखे पुष्कळ आहे. पाठीवरची सॅक काढून पुढे किंवा पायाशी ठेवायची. दोन्ही हात वरच्या दांड्यावर. बाईच्या मागे उभे राहण्याऐवजी पाठीला पाठ. धक्का लागलाच तर ‘सॉरी ताई’ म्हणून अर्धे पाऊल मागे. असे वागणारे पुष्कळ असतात. त्यांच्यामुळेच बसचा प्रवास सोसतो.

काकांना उठवायचे का?

सगळ्यात कानकोंडे करणारा प्रसंग हा. महिलांच्या जागेवर सत्तरीचे काका, समोर विशीतली मुलगी उभी. नियमाने जागा तिची. पण ती मागत नसेल तर दुसऱ्या कुणी तिच्या वतीने काकांना उठवण्याचे कारण नाही. काकांना बसता यावे म्हणून ज्येष्ठांच्या जागा असतात, आणि तिथे बहुधा कानात इअरफोन घातलेला तरुण डोळे मिटून बसलेला असतो. खरा प्रश्न त्याला विचारायला हवा. तो सोडून लोक काका आणि मुलीची झुंज लावून देतात.

उलट बाजूही आहे. राखीव जागेवर बसलेल्या धडधाकट तरुणीने लहान मूल कडेवर घेतलेल्या वडिलांना बघून न बघितल्यासारखे करणे बरे दिसत नाही. मात्र कुणाला बसण्याची गरज आहे, हे चेहऱ्यावरून ओळखण्याची घाईही करू नये. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत थकवा, मळमळ खूप असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पाळीच्या दिवसांचेही तसेच. ‘तरणीताठी आहे, उभी राहील की,’ असे म्हणणाऱ्याला, आणि म्हणणारीलाही, हे ठाऊक नसते.

नवरा-बायको महिलांच्या आसनावर शेजारी शेजारी बसतात, हे तर नेहमीचे. बस रिकामी असेल तर कुणाचे काय जाते? बाई उभी दिसली की नवऱ्याने उठावे, संपले.

सवलतीचा राग जागेवर

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली आणि ‘अर्ध्या तिकिटात येता, वर जागा पण मागता’ हे नवे वाक्य रूढ झाले. राखीव जागा या सवलतीच्या कितीतरी आधीपासून आहेत, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. रागाचे खरे कारण बस पुरत नाहीत, हे आहे. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांवर बस होत्या, अलीकडे ती संख्या तीन हजारांच्याही खाली आली. अर्धा तास थांबून आलेल्या बसमध्ये चढलेला माणूस महामंडळावर चिडू शकत नाही, समोरच्या बाईवर चिडतो.

बस वाढवायला पैसा आणि वर्षे लागतील. काही गोष्टींना तेवढेही लागत नाही. राखीव आसनांचा रंगच वेगळा केला तर पुसट झालेली पाटी शोधावी लागणार नाही. ‘राखीव जागा महिलांना द्या’ ही सूचना पुढच्या थांब्याच्या नावाबरोबर ध्वनिक्षेपकावरून देता येते. उंचीने लहान असलेल्यांच्या हाताला येतील अशा कड्या आणि उभे दांडे वाढवता येतात. आणि पाटीवर ‘महिलांसाठी राखीव’च्या खाली आणखी एक ओळ रंगवता येते : ‘इतर सर्व आसने सर्वांसाठी’.