ऱ्होडाची आई काय करत होती?

‘द बॅड सीड’ संपल्यावर पडद्यावर एक विनंती येते, शेवट कृपया कुणाला सांगू नका. चित्रपट १९५६चा. इतक्या वर्षांनी ही विनंती मोडायला हरकत नसावी. शेवट सांगितल्याशिवाय या सिनेमावर भांडता येत नाही, आणि तो बघायचाच मुळी नंतरच्या भांडणासाठी.

तर शेवट असा. ऱ्होडा पेनमार्क ही आठ वर्षांची मुलगी. दोन घट्ट वेण्या, कडक इस्त्रीचा फ्रॉक, मोठ्या माणसांशी बोलताना तोंडात साखर. वर्गातल्या क्लॉडला सुंदर हस्ताक्षराचं पदक मिळतं. ते आपल्यालाच मिळायला हवं होतं, म्हणून शाळेच्या सहलीत ती त्याला तळ्यात बुडवते. पुढे आई ते पदक त्याच तळ्यात टाकून देते, तर ही बया ते परत आणायला वादळी रात्री एकटी धक्क्यावर जाते. वरून वीज पडते. खेळ खलास.

मूळ गोष्टीत वीज नाही. विल्यम मार्चची कादंबरी १९५४ची. त्याच वर्षी मॅक्सवेल अँडरसननं तिचं नाटक केलं आणि ते ब्रॉडवेवर गाजलं. या दोन्हींत आई पोरीला झोपेच्या गोळ्या देते आणि स्वतःवर गोळी झाडून घेते. आई मरते, पोरगी वाचते आणि पहिल्यासारखीच गोड वागत राहते. पण त्या काळात हॉलिवूडवर निर्मितीसंहितेचा अंमल होता. गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही, हा तिचा कडक नियम. आता आठ वर्षांच्या मुलीला फाशी तर देता येईना, आईच्या हातून मारावं तर तेही पडद्यावर चालेना. शेवटी वरच्यालाच कामाला लावलं.

एवढ्यावरही दिग्दर्शक मर्विन लरॉयचं समाधान झालं नसावं. वीज पडल्यावर नाटकात करतात तशी कलाकारांची ओळख करून दिली जाते, आणि त्यात आईचं काम करणारी नॅन्सी केली हसत हसत ऱ्होडाला, म्हणजे पॅटी मॅकॉर्मॅक या बालनटीला, मांडीवर पालथं घालून फटके देते. घाबरू नका, हे सगळं खोटं होतं, असं प्रेक्षकाला सांगण्याची ही तऱ्हा. तेव्हा थिएटरात हशा पिकत असेल. आमच्याकडे मात्र खून बघताना शेंगदाणे खाणारी तरुण मंडळी त्या फटक्यांनी अस्वस्थ झाली. ‘हे काय भलतंच,’ म्हणून भाचीनं आवाजच बंद केला.

आमच्याकडे म्हणजे आमच्या सोसायटीत. काही रिकामटेकडे अधूनमधून जुने सिनेमे लावतात, त्यात मीही. या वेळी शेजारचे काका होते, वकिलीचं शिकणारी भाची होती, आणि सगळी हयात शाळेत मुलं वळवण्यात गेलेली माझी आत्या होती. पहिला अर्धा तास कुरकुरीत गेला. तक्रार खोटी नाही. नाटकातली बरीचशी नटमंडळी तशीच्या तशी पडद्यावर आणल्यामुळे सगळे शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतात. एका खोलीत माणसं येतात, सोफ्यावर बसतात, मानसशास्त्रावर चर्चा करतात आणि जातात. ‘यात भुताटकी कुठाय?’ असं काकांनी विचारून घेतलं.

मग बुटांचा प्रसंग आला आणि शेंगदाण्यांचे हात थांबले. ऱ्होडाच्या बुटांना लोखंडी नाल मारलेले असतात. क्लॉडच्या कपाळावर आणि हातांवर अर्धगोल खुणा सापडलेल्या असतात, कशाच्या ते कुणाला कळत नाही. इमारतीचा झाडूवाला लरॉय, स्वतः खुनशी आणि कोत्या मनाचा, तो तेवढा ऱ्होडाला ओळखतो. चोराची पावलं चोरालाच ठाऊक. घरमालकीण मोनिका, जी दिवसभर मनोविश्लेषणाच्या गप्पा मारते, ती मात्र पोरीला दागिने आणि गॉगल देत बसते. मुलगी बूट जाळायला निघते तेव्हा आई तिला पकडते, खोदून खोदून विचारते, खरं काय ते बाहेर येतं. आणि मग आई काय करते? तिला घट्ट धरते आणि सांगते, टाक ते बूट भट्टीत.

इथे आमच्याकडे भांडण पेटलं.

‘ही आई झोपली होती का इतकी वर्षं?’ आत्या म्हणाली. ‘पोरगी एवढी गोड बोलते म्हणजे काहीतरी लपवते. मला पहिल्या तासाला कळलं असतं.’ काकांचं म्हणणं, आईचा काय दोष, रक्तच तसं. ‘अहो, खाण तशी माती. आपल्याकडे कोल्हापूरची अंजनाबाई गावित नव्हती का? आई तशा मुली.’

काकांच्या बाजूनं सिनेमाच उभा आहे, हे कबूल करायला हवं. ऱ्होडाची आई क्रिस्टीन हिला पुढे कळतं की आपण दत्तक आहोत आणि आपली जन्मदात्री बेसी डेन्कर नावाची अनेक खून केलेली बाई होती. म्हणजे विष आजीकडून नातीकडे आलं, मधली पिढी टाळून. पण अंजनाबाईचा दाखला इथे बसत नाही, हे मी काकांना सांगितलं. गावित प्रकरणातल्या मुली आईबरोबर राहत होत्या, आईबरोबर पाकिटं मारत आणि मुलं पळवत होत्या. ती शिकवण झाली. क्रिस्टीनला तर जन्मदात्री नीट आठवतही नाही आणि तिनं आयुष्यात मुंगी मारलेली नाही. तेच रक्त तिच्यात गप्प बसलं आणि मुलीत उसळलं, याला सिनेमाकडे उत्तर नाही. डॉक्टर लोक तर अठरा वर्षांच्या आत समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचं निदानच करत नाहीत. ‘डॉक्टरांना शाळेत शिकवायला पाठवा,’ आत्या म्हणाली.

भाचीनं मुद्दा कायद्यावर नेला. आपल्याकडे सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात आपण काय करतोय आणि त्याचे परिणाम काय, हे कळण्याइतकी समज त्या मुलाला होती का, ते बघावं लागतं. ‘बूट जाळायला काढले म्हणजे समज होती,’ ती म्हणाली. ‘उलट आईला समज होती का, ते बघा. पुरावा नष्ट केलाय तिनं.’ फिरून गाडी पुन्हा आईवर.

मला गंमत याची वाटते की रक्ताचा सिद्धांत आला तो संगोपनाची सुटका करायला. तुम्ही मुलाला नीट वाढवलंत, तुमचा दोष नाही, हे मुळातच किडकं होतं. पण ते रक्तही पुन्हा आईकडूनच आलेलं दाखवलंय. वळण वाईट तर आईचं, रक्त वाईट तर आईचं. वीस वर्षांनी, १९७६ मध्ये, ‘द ओमेन’नं ही अडचण सोडवली. तिथे डेमियन थेट सैतानाचा पोर आहे, ग्रेगरी पेकच्या घरात आणून ठेवलेला, आईबाप निर्दोष. शिवाय १९६८ मध्ये जुनी संहिता जाऊन प्रेक्षकांच्या वयानुसार प्रमाणपत्रं सुरू झाली होती, त्यामुळे विजेची गरज उरली नाही. बाप मरतो, मुलगा वाचतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो. २००९ च्या ‘ऑर्फन’मध्ये खोट पुन्हा दत्तक घेतलेल्या मुलीत. त्यावर मात्र अमेरिकेतल्या दत्तकविषयक संस्थांनी हरकत घेतली आणि ट्रेलरमधलं एक वाक्य बदलायला लावलं. हरकत रास्तच होती. अनाथाश्रमात वाट बघत बसलेल्या पोरांना अशा सिनेमांची किंमत मोजावी लागते.

पण ‘ओमेन’ बघून झाल्यावर कुणी भांडत नाही. सैतान म्हटल्यावर बोलणार काय. ‘बॅड सीड’ त्याहून कच्चा, बोलका, जागोजागी हास्यास्पद. तरी तो माणसांचा आहे. त्यातली मला सगळ्यात खरी वाटणारी व्यक्ती ऱ्होडाही नाही आणि तिची आईही नाही. ती क्लॉडची आई, मिसेस डेगल. आयलीन हेकार्टनं हे काम केलंय. दारू पिऊन ती पेनमार्कांच्या नीटनेटक्या दिवाणखान्यात शिरते, आपण कशा साध्या आणि तुम्ही कशा वरच्या दर्जाच्या हे पुन्हा पुन्हा बोलत राहते, आणि मध्येच विचारते, माझ्या मुलाच्या शेवटच्या घटकेत तुमची मुलगी तिथेच होती ना? तिला काहीतरी माहीत आहे ना? नवरा ओशाळून तिला बाहेर न्यायला बघतो. हेकार्टला आणि मॅकॉर्मॅकला, दोघींनाही सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन होतं. मत द्यायला सांगितलं असतं तर मी हेकार्टला दिलं असतं. आमच्या तासाभराच्या भांडणात तिचं नाव एकदाही निघालं नाही. मेलेला मुलगा कुणाचा, हे विचारायला कुणाला सवडच नव्हती.

आणखी एकाचं नाव निघालं नाही. ऱ्होडाला वडील आहेत! कर्नल केनेथ पेनमार्क. पहिल्याच प्रसंगात लेकीचे लाड करून ते कामासाठी वॉशिंग्टनला जातात, फोन करतात, पत्र पाठवतात आणि सगळं उरकल्यावर परततात. ज्या रात्री पोरगी घरातून निसटते, त्या रात्री बापच घरी असतो. सिनेमात स्वतःवर गोळी झाडूनही वाचलेली आई तेव्हा इस्पितळात. मी हे काढलं तेव्हा काका म्हणाले, ‘सैन्यातला माणूस, त्याला काय माहीत घरातलं?’ मान डोलावणाऱ्यांत भाचीही होती, याचं मला जास्त वाईट वाटलं.

२०१८ मध्ये अभिनेता रॉब लोनं टीव्हीसाठी ही गोष्ट नव्यानं केली. त्यात आईच नाही, ती आधीच वारलेली. मुलीला सांभाळणारा एकटा बाप, तो स्वतः लोनंच केलाय, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेत म्हाताऱ्या झालेल्या पॅटी मॅकॉर्मॅक. पुढच्या वेळी तो लावू या, असं मी सुचवलं आणि गोष्ट थोडक्यात सांगितली.

‘बाईमाणूस नाही घरात,’ आत्या म्हणाली, ‘तो बिचारा एकटा किती ठिकाणी पुरणार?’