सरहद्दीपलीकडची रायफल

अमेरिकेतील एखाद्या शहरात गोळीबार होऊन निरपराध माणसे प्राणास मुकल्याची वार्ता येते, तेव्हा दुसऱ्या दिवशी तेथील वृत्तपत्रांत एक प्रश्न हटकून विचारला जातो : मारेकऱ्याने बंदूक आणली कोठून? शेजारच्या राज्यातून आणली, असे उत्तर मिळाले की वादाला तोंड फुटते. एक पक्ष म्हणतो, राज्याची हद्द ओलांडून रायफल आणणे हा गुन्हाच आहे. दुसरा म्हणतो, मुळीच नाही. गंमत अशी की, दोघेही काही अंशी बरोबर असतात आणि दोघांनीही कायदा वाचलेला नसतो. ज्या देशात नागरिकांजवळील बंदुकांची संख्या लोकसंख्येहून अधिक असल्याचे जाणकारांचे अनुमान आहे, त्या देशात एका राज्याच्या रहिवाशाला दुसऱ्या राज्यात रायफल विकत घेता येते की नाही, या साध्या प्रश्नाला दुकानदार, पोलीस आणि वकील तीन निरनिराळी उत्तरे देऊ शकतात. ही स्थिती आम्हांस केवळ चमत्कारिक वाटत नाही, धोक्याची वाटते.

या घोटाळ्याचे मूळ शोधू गेल्यास १९६३ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात शिकागोच्या एका दुकानाकडे डल्लासहून मासिकातील जाहिरातीतले एक कूपन आले. सोबत २१ डॉलर ४५ सेंटची मनिऑर्डर होती. त्यांपैकी १९ डॉलर ९५ सेंट दुर्बीण बसविलेल्या जुन्या इटालियन लष्करी रायफलीचे आणि उरलेला दीड डॉलर टपालहशिलाचा. मागणी करणाऱ्याने नाव खोटे दिले होते आणि पत्ता म्हणून टपालपेटीचा क्रमांक दिला होता. दुकानाने रायफल बिनदिक्कत धाडून दिली, कारण तसे करण्यात त्या काळी काही गैर नव्हते. १९३८ चा एक कायदा होता खरा. पण त्याअन्वये वर्षाला एक डॉलर भरला की विक्रेत्याचा परवाना मिळे आणि गिऱ्हाईक कोण, कोठला, याची फारशी विचारपूस कोणी करीत नसे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्या रायफलीने अध्यक्ष केनेडी यांचा बळी घेतला.

कनेक्टिकटचे सेनेटर टॉमस डॉड यांनी टपालाने मिळणाऱ्या पिस्तुलांना आळा घालणारे विधेयक केनेडींच्या हत्येपूर्वीच मांडले होते. हत्येनंतर त्यांनी त्यात रायफलींचाही समावेश केला. तरीही ते पाच वर्षे रेंगाळले. अखेर १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गोळीस बळी पडले, तेव्हा कोठे काँग्रेसला जाग आली. किंग यांच्यावर झाडलेली रायफलही अलाबामा राज्यात खोट्या नावाने विकत घेऊन टेनेसीत नेलेली होती. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूकनियंत्रणाच्या कायद्यावर सही केली, ती देखील बंदुकांची नोंदणी आणि मालकांना परवाना ही दोन कलमे हाती लागली नाहीत म्हणून खेद व्यक्त करीतच.

या कायद्याने टपालाचा व्यापार बंद केला आणि एक तत्त्व घालून दिले : ज्याने त्याने आपल्या राज्यात बंदूक विकत घ्यावी. पिस्तुलाच्या बाबतीत हे तत्त्व काटेकोरपणे लावण्यात आले. रायफल आणि छऱ्याची बंदूक यांना मात्र एक खिडकी ठेवली गेली. तिचे कारणही समजण्यासारखे आहे. नदीच्या एका तीरावर शेत आणि दुसऱ्या तीरावर दुकान, अशी स्थिती असणारे शेतकरी आणि शिकारी अमेरिकेत पुष्कळ. त्यांच्यासाठी असे ठरले की, ज्याची हद्द आपल्या राज्याला लागून आहे त्या राज्यात रायफल घेण्यास हरकत नाही, मात्र आपल्या राज्याच्या कायद्याने तशी परवानगी दिलेली असली पाहिजे. झाले! पुढील काही वर्षांत एकामागून एक राज्यांच्या विधिमंडळांनी ‘आमच्या रहिवाशांना लगतच्या राज्यांत रायफल घेता येईल’ अशा अर्थाचे कायदे करून टाकले.

अठरा वर्षांनी, मे १९८६ मध्ये, अध्यक्ष रेगन यांच्या कारकीर्दीत काँग्रेसने बंदूकमालकांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि ‘लगतच्या राज्या’ची अट काढून टाकली. आता कोणत्याही राज्याच्या रहिवाशाला कोणत्याही राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल घेता येते. अटी दोन : गिऱ्हाईकाने विक्रेत्यासमोर जातीने उपस्थित राहिले पाहिजे आणि विक्री दोन्ही राज्यांच्या कायद्यांना धरून असली पाहिजे. मूळ कायदा बदलला, पण त्याच्या आधाराने झालेले राज्यांचे कायदे अनेक ठिकाणी तसेच राहिले. ‘लगतच्या राज्यांत घेता येईल’ हे वाक्य पुस्तकातून कोणी खोडलेच नाही. आता वकिलाला विचारावे, तर तो सांगतो की परवानगी म्हणजे मनाई नव्हे; शेजारच्या राज्यात जाण्यास मुभा दिली, याचा अर्थ दूरच्या राज्यात जाण्यास बंदी केली असा होत नाही. तर्कशास्त्र म्हणून हे बिनतोड आहे. पण दुकानाच्या फळीमागे उभा असलेला विक्रेता तर्कशास्त्राचा पंडित नसतो. परवाना गमावण्याचे आणि खटल्याचे भय त्याच्या मानगुटीवर असते. तो हात जोडून सांगतो, ‘आपण दूरच्या राज्यातले, आम्ही देऊ शकत नाही.’ पुढे कित्येक राज्यांनी ही जुनी वाक्ये काढून टाकली किंवा दुरुस्त केली. पण दरम्यान ‘फक्त शेजारच्याच राज्यात’ हा समज लोकांत इतका रुजला की, तो आजही कायदा म्हणून सांगितला जातो.

विक्रेत्याच्या या भयाला भक्कम आधार आहे, हेही सांगितले पाहिजे. त्याच १९८६ च्या कायद्यात असे कलम आहे की, विरुद्ध पुरावा नसेल तर विक्रेत्याला दोन्ही राज्यांचे कायदे आणि प्रसिद्ध स्थानिक नियम प्रत्यक्ष ठाऊक होते असेच गृहीत धरले जाईल. पन्नास राज्ये, त्यांतील शेकडो नगरपालिका आणि परगणे, आणि मोन्टानातील खेड्यातला एक दुकानदार! मद्य, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके यांचे जे मध्यवर्ती खाते आहे, ते या सर्व कायद्यांचे एक जाडजूड संकलन प्रसिद्ध करते. विक्रेत्याने ते चाळावे आणि आपला धर्म ओळखावा, अशी अपेक्षा. कॅलिफोर्नियाचा रहिवासी त्याच्यापुढे उभा राहिला, तर त्या राज्यातील दहा दिवसांची मुदत, वयाची अट, बंदी असलेल्या बनावटींची यादी हे सर्व त्याने ध्यानात घ्यायचे. इलिनॉयचा असला, तर त्याच्यापाशी तेथील शस्त्रधारकाचे ओळखपत्र आहे की नाही ते पाहायचे. विक्रेत्याने सरळ नकार द्यावा हेच शहाणपणाचे ठरते आणि तो तेच करतो.

हे झाले दुकानाचे. खाजगी व्यवहारात तर याहून मौज आहे. एका राज्यातील दोन शेजाऱ्यांनी आपसांत रायफल विकली, तर मध्यवर्ती कायदा त्यांच्या वाटेस जात नाही. पण एक भाऊ ओहायोत आणि दुसरा केंटकीत असेल, तर थोरल्याने धाकट्याला वाढदिवसाची भेट म्हणून स्वतःची रायफल हातात दिली की तो गुन्हा होतो. विक्रेत्याच्या मार्फत दिली तर होत नाही. मृत्युपत्राने मिळाली तर चालते आणि शिकारीपुरती उसनी दिली तरी चालते. प्रेमाने दिलेली भेट मात्र चालत नाही!

१९६८ च्या या घोटाळ्याची एक शाखा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. व्हर्जिनियातील एका माजी पोलिसाने आपल्याला सवलत मिळते म्हणून पेन्सिल्व्हेनियातील चुलत्यासाठी पिस्तूल घेतले. चुलता बंदूक बाळगण्यास सर्वथा पात्र होता. पिस्तूलही त्याच्या गावच्या परवानाधारक विक्रेत्याकडून, रीतसर चौकशी होऊन त्याच्या हाती पडले. तथापि खरेदीच्या छापील अर्जावर ‘खरा खरेदीदार मीच’ असे लिहिल्याबद्दल पुतण्यास दोषी ठरविण्यात आले. २०१४ च्या जूनमध्ये न्यायालयाने तो निर्णय कायम केला, पण पाचास चार अशा मतांनी. देशातील नऊ श्रेष्ठ न्यायाधीशांत जेथे अशी फूट पडते, तेथे पुतण्याने काय समजावे?

आता दुसरी बाजू पाहू. प्रामाणिक मनुष्य जेथे अडखळतो, तेथे अप्रामाणिक मनुष्य सहज निसटतो. ऑगस्ट २०२० मध्ये विस्कॉन्सिनमधील केनोशा शहरी दंगलीच्या वेळी सतरा वर्षांच्या एका मुलाने दोघांना ठार केले आणि एकास जखमी केले. मुलगा इलिनॉयचा. ‘हद्द ओलांडून रायफल आणली’ हे वाक्य महिनोन्‌महिने देशभर गाजले. वस्तुस्थिती अशी होती की, हद्द मुलाने ओलांडली, रायफलीने नव्हे. ती मुलाच्या पैशांनी त्याच्या प्रौढ मित्राने विस्कॉन्सिनमध्येच घेतली होती आणि तेथेच ठेवली होती. अल्पवयीन असून शस्त्र बाळगल्याचा आरोप तरी टिकेल असे अनेकांना वाटले. परंतु त्या राज्याच्या कायद्याची शब्दरचना अशी विचित्र की, नळी आखूड असती तर गुन्हा. लांब नळीच्या रायफलीला तो लागू होतो असे म्हणता येईना. न्यायाधीश श्रोडर यांनी १५ नोव्हेंबर २०२१ रोजी तो आरोप काढून टाकला आणि चार दिवसांनी ज्यूरीने उरलेल्या आरोपांतूनही मुलाची मुक्तता केली. मित्र दोन हजार डॉलर दंडावर सुटला. सारा देश ज्या हद्दीविषयी भांडत होता, तिचा खटल्याशी काडीचाही संबंध नव्हता. कायद्याविषयी अज्ञान असले म्हणजे संताप कसा भलत्याच दारावर धडका मारतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस आठवत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी गिलरॉय येथे घडले ते अधिक गंभीर आहे. कॅलिफोर्नियातील त्या गावी लसणाचा वार्षिक उत्सव भरतो. २८ जुलै २०१९ रोजी एकोणीस वर्षांच्या तरुणाने तेथे गोळीबार केला. मेलेल्या तिघांत सहा वर्षांचा एक मुलगा आणि तेरा वर्षांची एक मुलगी होती. रायफल ९ जुलै रोजी शेजारच्या नेवाडात कायदेशीरपणे घेतलेली होती. ती कॅलिफोर्नियात विकता येत नव्हती आणि तेथे आणताही येत नव्हती. शिवाय त्याच वर्षाच्या आरंभापासून कॅलिफोर्नियाने रायफलीच्या खरेदीचे वय बहुतांशी एकवीस केले होते. मग विक्री कायदेशीर कशी? कारण तरुण त्या सुमारास नेवाडात राहत होता. मनुष्य राहतो कोठे, या प्रश्नावर सगळी इमारत उभी आहे, आणि कायद्याप्रमाणे दोन घरे असलेला मनुष्य ज्या वेळी ज्या घरी असेल त्या वेळी त्या राज्याचा रहिवासी ठरतो. बिऱ्हाड बदलले की कायदा बदलतो.

आमच्या मते या प्रकरणी दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात खोट आहे. कडक राज्ये म्हणतात, शेजारी सैल म्हणून आमची माणसे मरतात. २०१७ साली शिकागो शहराने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तेथे जप्त झालेल्या व माग लागलेल्या बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक परराज्यांतून आल्याचे दिसले होते आणि त्यांत इंडियानाचा वाटा मोठा होता. तेव्हा तक्रार निराधार नाही. पण या बंदुका हद्दीपलीकडच्या दुकानात उघड उभे राहून अर्ज भरणाऱ्या गिऱ्हाईकांनी नेल्या, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्या बहुतेक पुढे केलेल्या तोतया खरेदीदारांच्या आणि खाजगी सौद्यांच्या वाटेने जातात, आणि अशा तोतया खरेदीवर व बंदुकांच्या चोरट्या व्यापारावर थेट प्रहार करणारे मध्यवर्ती कलम काँग्रेसने केले ते जून २०२२ मध्ये, म्हणजे केनेडींच्या हत्येनंतर जवळजवळ एकोणसाठ वर्षांनी. उलट बंदुकांचे कैवारी म्हणतात, हद्दीची सारी बंधनेच काढून टाका, चौकशी तर सर्वत्र सारखीच होते. चौकशी सारखी होते हे खरे. पण वय, मुदत, बनावट, परवाना हे सर्व राज्याराज्यांत निराळे आहे. हद्द पुसली की सर्वांत सैल राज्याचा कायदा हाच सर्व देशाचा कायदा होईल. राज्यांच्या हक्कांचा एरवी हिरीरीने पुरस्कार करणाऱ्यांनी ही मागणी करावी, याची आम्हांस मौज वाटते.

आपल्याकडे हा पेच उद्भवत नाही, कारण आपल्या घटनेने शस्त्रे, बंदुका व दारूगोळा हा विषय संघसूचीत पाचव्या क्रमांकावर घातला आणि १९५९ चा शस्त्रकायदा सर्व देशास एकच आहे. पुण्याच्या आणि बेळगावच्या परवान्याचा कायदा निराळा नाही. आपल्या परवानापद्धतीत दिरंगाई आणि वशिला यांचे दोष नाहीत असे नव्हे, पण कायदा कोणता, हे तरी शोधावे लागत नाही. अमेरिकेची घडण निराळी. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून घटनेत आहे आणि पोलिसी अधिकार राज्यांचे आहेत. एकच कायदा व्हावा, असा उपदेश आम्ही करीत नाही.

जाता जाता, टेक्सास किंवा न्यू जर्सीत शिकत वा नोकरी करीत असलेल्या मुलामुलींच्या आईबापांसाठी एक गोष्ट नमूद करतो. विद्यार्थी किंवा तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसास तेथे सर्वसाधारणपणे बंदूक घेता येत नाही आणि जवळ बाळगताही येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणे हा त्यातला नेहमीचा अपवाद. मित्राबरोबर हौसेने नेमबाजीच्या मैदानावर जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्यांस मात्र तो ज्या राज्यात राहतो तेथील नागरिकाप्रमाणेच नियम लागू होतात.

काँग्रेसला जे सहज करता येईल ते एवढेच. प्रत्येक राज्याने आपल्या रहिवाशास परराज्यात रायफल घेण्याच्या अटी एका पानावर लिहून मध्यवर्ती खात्याकडे द्याव्या, खात्याने त्या प्रमाणित कराव्या, आणि त्या पानाप्रमाणे वागलेल्या विक्रेत्याला व गिऱ्हाईकाला न्यायालयात संरक्षण मिळावे. जे राज्य ते पान देणार नाही, त्याच्या रहिवाशास हद्दीपलीकडे विक्री होऊ नये. यात कोणाची बंदूक जात नाही आणि कोणत्याही राज्याचा अधिकार कमी होत नाही. दोन्ही पक्षांना नकोसे होण्याजोगे त्यात एकच आहे : पुढच्या गोळीबारानंतर ‘कायदा मोडला’ किंवा ‘मोडला नाही’ असे ओरडण्यापूर्वी त्यांना ते पान वाचावे लागेल.