आजोबांचा ताप आणि साल्मोनेलाची दोन घराणी

घरातील आजोबांना तीन दिवसांपासून ताप आहे. अन्नावरची वासना गेली आहे, बोलणे मंदावले आहे. जवळच्या प्रयोगशाळेतून विडाल चाचणीचा अहवाल येतो, ‘टायफॉइड निघाला’ असे सारे म्हणू लागतात आणि त्याच संध्याकाळी प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू होतात. आपणांपैकी अनेकांच्या घरी हे घडले असेल. या घाईत एक प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो: ताप नेमका कोणत्या जंतूचा, हे सिद्ध झाले आहे काय?

टायफॉइडचा जंतू साल्मोनेला या कुळातील. १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी डुकरांच्या आजाराचा शोध घेताना या कुळातील एक जिवाणू वेगळा केला. पुढे कुळाला नाव मिळाले ते त्यांचे वरिष्ठ, पशुवैद्य डॅनियल साल्मन यांचे. आज या कुळाचे २,५००हून अधिक उपप्रकार ज्ञात आहेत. आपल्या दृष्टीने मात्र त्यांची दोन घराणी लक्षात ठेवली तरी पुरे.

पहिले घराणे टायफी आणि पॅराटायफी यांचे. हे केवळ मनुष्याच्या आश्रयाने राहतात. रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून अन्नात असा त्यांचा प्रवास. संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो आणि दिवसागणिक चढत जातो. दुसरे घराणे टायफीम्युरियम, एन्टरिटिडिस आदींचे. कोंबड्या, गुरे, डुकरे, उंदीर यांच्या आतड्यांत ते राहते. कच्चे अंडे, अर्धवट शिजलेले मांस, न तापविलेले दूध यांतून ते पोटात गेले की सहा तास ते तीन दिवसांत जुलाब, उलट्या, पोटात कळा आणि ताप सुरू होतो. धडधाकट माणूस बहुधा आठवड्याभरात विनाऔषध बरा होतो.

वार्धक्यात मात्र हे गणित बदलते. जठरातील आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला पहारेकरी. आम्लपित्तासाठी नित्य घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी तो दुबळा होतो. (म्हणून त्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, त्यांची गरज अद्याप आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.) मधुमेह आणि स्टेरॉइडची औषधे प्रतिकारशक्ती घटवितात. जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडांवर ताण येतो. आतड्यातील जंतू रक्तात शिरून कठीण झालेल्या महारोहिणीच्या भिंतीत घर करू शकतो. शिवाय वृद्धांना ताप बेताचाच असतो. कधी केवळ ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे हेच आजाराचे लक्षण ठरते.

आता निदानाविषयी. १८९६ पासून वापरात असलेली विडाल चाचणी जंतू दाखवीत नाही. जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये ती मोजते. ही प्रतिद्रव्ये जुन्या संसर्गाने, लसीने किंवा अन्य तापांतही वाढलेली आढळतात, आणि खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात ती नसूही शकतात. अशा एकाच अहवालावर विसंबल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया किंवा मलेरिया दृष्टीआड होण्याचा धोका असतो. खरा पुरावा देते ती रक्ताची कल्चर चाचणी. तीत प्रत्यक्ष जंतू वाढवून ओळखला जातो आणि कोणते औषध त्याच्यावर चालेल हेही कळते. औषधांना दाद न देणारे टायफॉइडचे जंतू आपल्या देशात वाढले असल्याने या माहितीचे मोल मोठे आहे. ही चाचणीही परिपूर्ण नाही. टायफॉइडच्या सुमारे निम्म्या रुग्णांतच ती जंतू पकडते आणि अहवालास काही दिवस लागतात. प्रतिजैविकाची पहिली मात्रा पोटात गेल्यावर तर ही शक्यता आणखी घटते. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, “औषध सुरू करण्यापूर्वी कल्चरसाठी रक्त घ्यायचे का?” प्रकृती गंभीर असेल तर रक्त घेऊन लगेच उपचार सुरू करता येतात, अहवालाची वाट पाहत थांबावे लागत नाही.

प्रतिबंधाची सूत्रे मात्र स्वयंपाकघराच्या हाती आहेत. अशक्तपणावर उपाय म्हणून दुधात कच्चे अंडे फेटून देण्याची प्रथा सोडावी; अंड्याचा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे. मोड आलेली कडधान्ये आरोग्यदायी खरी, पण मोड येण्यास लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. ज्येष्ठांना ती वाफवूनच द्यावीत. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीसाठी वापरू नये. शीतकपाटात जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. म्हणून ठेवलेले अन्न वाफा येईपर्यंत गरम करावे. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. रुग्णाचे अंथरूण किंवा डायपर बदलल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला लागू नये.

टायफॉइडमधून बरे झालेल्या काही जणांच्या पित्ताशयात जंतू दीर्घकाळ टिकून राहतो. पित्ताचे खडे असल्यास ही शक्यता वाढते. स्वतःला काहीही त्रास नसताना अशी व्यक्ती इतरांना संसर्ग देऊ शकते. घरात टायफॉइड पुनःपुन्हा डोकावत असेल तर डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे.

नातवंडांसाठी टायफॉइडची लस उपलब्ध आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये संयुग्मित लशीची मोहीम मुलांसाठी राबविली होती. ही लस टायफीपासून संरक्षण देते. पॅराटायफी आणि दुसऱ्या घराण्यापासून नाही. ज्येष्ठांनी लशीचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

जुलाब सुरू होताच क्षारसंजीवनीचे घोट देत राहावे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. जुलाब थांबविणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये. शौचात रक्त, लघवी कमी होणे, पाणीही न टिकणे, ग्लानी, यांपैकी काहीही दिसले तर उद्याची वाट पाहू नये. आणि रुग्णालयात जाताना चालू औषधांची यादी व ताप केव्हा, किती आला याची टिपणे बरोबर न्यावीत. जे आजोबांना सांगता येत नाही, ते तो कागद डॉक्टरांना सांगेल.