दीड फूट

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या सोसायटीतला पर्जन्यवृक्ष (म्हणजे आपला रेन ट्री हो) तोडला. रीतसर परवानगी काढून, झाडावर नोटीस चिकटवून वगैरे. मीटिंगमध्ये मीही हात वर केला होता. एक फांदी गाड्यांवर पडली होती आणि माझी गाडी तिथेच लागते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला फार निसर्गप्रेमी समजू नका.

तर शनिवारी सकाळी करवतींच्या आवाजाने जाग आली. खाली जाऊन बघतो तर बुंध्याचे दीड-दीड फुटाचे तुकडे करणं चालू! का? टेम्पोत चढवायला सोपे आणि जळणाला तेवढेच लागतात.

आता मला लेथवर लाकूड कातायचा नाद आहे. (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सुतारकामाचा जॉब मित्राकडून करून घेतला होता, त्याची ही फेड.) आणि ओल्या लाकडाचं गणित साधं आहे. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडातून पाणी सगळ्यात भराभर उडतं, म्हणून तडे तिथून सुरू होतात. मेच्या उन्हात दोन्ही बाजूंनी चार-चार इंच गेले की अठरातले उरले दहा. तेच सहा फुटांचा ओंडका ठेवला आणि त्याच दिवशी तोंडांना मेण किंवा जाडसर रंग फासला, तर बहुतेक लाकूड वाचतं. खर्च एक डबा रंगाचा.

मी चार तुकडे मागून घेतले. मधल्या बिंदूतून उभे चिरले, कारण तो बिंदू वाडग्यात राहिला की तडा ठरलेला. ओले असतानाच इंचभर जाड कातून त्यांच्याच भुशात गाडून ठेवले. कातताना नाक चुरचुरतं, पण गाभा काय सुरेख निघतो! गडद तपकिरी, कडेला पिवळट पट्टा. हवाई बेटांवर याच झाडाला मंकीपॉड म्हणतात आणि त्याचे वाडगे पर्यटक हौसेने विकत घेतात. आपण ते जाळतो. एका तुकड्यात खिळा लागला, पटाशीची धार गेली. कुठल्या तरी क्लासच्या जाहिरातीचा असणार. शहरातल्या झाडाच्या पोटात असं बरंच काही असतं.

आमच्या मजल्यावरच्या एक काकू झाड तोडायच्या विरोधात होत्या. त्यांना हे सगळं उत्साहाने सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे लाकडाला भाव आला की झाडं अजून पटापट पडतील ना रे?"

यावर मी बरेच दिवस विचार केला. मुद्दा बरोबरच आहे. पण भाव आजही आहेच की! ठेकेदाराने तोडणावळ कमी सांगितली ती लाकूड त्याला मिळणार म्हणून. म्हणजे झाडाच्याच पैशात झाड स्वस्तात तुटलं. माझं म्हणणं असं की लाकूड तोडणाऱ्यालाही मिळू नये आणि तोडून घेणाऱ्यालाही नाही. ते लांब ओंडक्यांत पालिकेच्या आवारात जावं, तिथून सुतार, कातारी, शाळा, माझ्यासारखे हौशी यांनी न्यावं. वाहतुकीचा खर्च सोसायटीने द्यावा. तोडणं महाग पडेल? पडू दे. कदाचित आम्ही नुसती फांदी छाटून गप्प बसलो असतो. बदल्यात किती झाडं लावणार हे आपण विचारतो, तसं लाकडाचं काय करणार हेही परवानगीच्या कागदावर विचारा. एक रकाना वाढवायला काय लागतं? (आमच्या ऑफिसात असल्या एका रकान्याला तीन महिने लागतात, पण ते असो.)

चारांतले दोन वाडगे तडकले, तिसऱ्याला खिळ्याचं भोक आहे. चौथा गेल्या रविवारी पूर्ण झाला. तेल लावून, पुसून काकूंना द्यायला गेलो. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला, बोट फिरवलं, आणि परत दिला.

"छान झालाय. तुझ्याकडेच ठेव. गाडीची किल्ली ठेवायला होईल."